पहिली टाळी कोण वाजवतं?

सवाई गंधर्व महोत्सवाला यंदा पण गेले, मागे भारतीय बैठकीत. तबलेवाल्या दादांनी तिहाई घेतली, तोच तुकडा तीनदा आणि तिसऱ्यांदाचा शेवटचा धा बरोब्बर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, की आख्खा मांडव कडाडला. शेजारचे काका तर केव्हाचे मांडीवर त्रिताल धरून बसलेले, खालीच्या मात्रेला टाळी न देता, मग समेला ‘क्या बात है’ आणि दोन्ही हात वर! ही टाळी आतून येते, तिला कुणाची वाट बघावी लागत नाही.

शेवटची टाळी वेगळी असते. २०१३ साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी छोटी भाषणं ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांचं शूटिंग करून बघितलं, तर टाळ्या साथीच्या रोगासारख्या पसरतात, खोलीत जितके जास्त लोक वाजवतायत तितकी आपल्याला पण वाजवावीशी वाटते, आणि थांबतातही तशाच. म्हणजे टाळ्या लांबल्या म्हणून भाषण भारी असं काही नाही.

मला हे एकदम पटलं. पण भैरवी संपल्यावर तानपुरे अजून वाजत असतात ना, तेव्हा प्लीज दोन सेकंद थांबा हो, तो शेवटचा सा विरू दे. ती शांतता पण दादच असते.