तुम्ही विचारलेत म्हणून: स्टेशनांवरचे घुमट

पुण्यात वास्तुकलेवर बोलायला उभा राहिलो की एक प्रश्न ठरलेला असतो: 'इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी स्टेशने बांधली आणि वर आपले घुमट चढवले, त्यांचे एवढे कौतुक कशाला?' आता लिहूनच उत्तर देतो.

प्रश्नातला 'आपले' हा शब्दच मला खटकतो. चेन्नईचे एग्मोर स्थानक १९०८ साली उघडले. हेन्री आयर्विन यांच्या आराखड्यातले त्याचे घुमट मोगली वळणाचे आहेत आणि उभे आहेत गोपुरांच्या मुलखात. १८५७नंतर राज्यकर्त्यांना मोगलांचे वारस म्हणून मिरवायचे होते, त्यासाठी उत्तरेतली शैली त्यांनी 'देशी' म्हणून दूरवर नेली. लखनौच्या चारबाग स्थानकाला ती शोभते तरी. तरुणपणी एका व्याख्यानात मी या साऱ्याला 'सोंग' म्हटले होते, आणि तो शब्द मला अजूनही चुकीचा वाटत नाही.

त्या व्याख्यानाला वडील पहिल्या रांगेत बसले होते. घराणे पाथरवटांचे, ते स्वतः मात्र पुणे स्टेशनच्या पार्सल ऑफिसात नोकरीला होते. घरी परतताना लकडी पुलावर त्यांनी एवढेच विचारले, "छिन्नी कुणाच्या हातात होती, ते का नाही सांगितलंस?" पुढच्याच रविवारी ते मला मुंबईला व्हीटीवर घेऊन गेले. १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी उभारलेली ही इमारत मुळात गॉथिक, म्हणजे जुन्या युरोपी चर्चच्या वळणाची, पण तिच्या दगडात मोर आणि माकडे आहेत. वडिलांनी एका खांबावरच्या कोरीव पानांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "या पानाची शीर खोल गेलीय, शेजारच्याची नुसती ओढलीय. हे दोन हात आहेत. आपल्यातलेच कुणीतरी."

आणि मी तिथल्या तिथे त्यांना दुरुस्त केले. म्हणालो, "दादा, हे कोरीवकाम मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी केलंय, पाथरवटांनी नाही." त्यांनी हात काढून घेतला. परतीच्या गाडीत लोणावळा येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत राहिले. तो विषय त्यांनी पुन्हा कधीच काढला नाही.

माहिती खरी होती, आणि खरी माहिती सांगणे हा गुन्हा नव्हे, असे मी स्वतःला अनेक वर्षे बजावले. पण त्या विद्यार्थ्यांच्या पुढ्यात आलेला दगड खाणीतून कुणी काढला, कुणी घडून दिला, याचा विचार मी तेव्हा केलाच नव्हता. एग्मोरच्या बाबतीत सामीनाद पिल्ले या कंत्राटदारांचे नाव तरी आयर्विन यांच्या शेजारी घेतले जाते. त्यांच्या हाताखालच्या गवंड्यांचे कुणी घेत नाही. म्हणून ती स्टेशने मला जवळची वाटतात, आणि म्हणूनच त्यांच्याकडे पाहताना राग येतो. यातले एक सोडून दुसरे धरा, असे तुम्ही म्हणता ते मला जमलेले नाही.

ते व्याख्यान मी आजही देतो. 'सोंग' हा शब्द काढलेला नाही, कलाशाळेचे नावही गाळत नाही. फक्त त्या दोन पानांची छायाचित्रे शेजारी-शेजारी लावतो आणि वडिलांनी दाखवलेली ती खोल शीर दाखवतो.