ॲव्हरेज किती देती?

आमच्या अण्णांना कुठलीही गाडी दाखवा, रंग-बिंग काही बघत नाहीत. एकच प्रश्न : "ॲव्हरेज किती देती रं?" मी अमेरिकेत पिकअप घेतली तेव्हा व्हिडिओ कॉलवर चारी बाजूंनी फिरवून दाखवली. फोर्ड एफ-१५०, साडेतीन लिटरचं टर्बो इंजिन, मागे हौदा. अण्णांनी सगळं बघून घेतलं आणि मग तेच विचारलं. मी म्हटलं, हायवेला गॅलनला २१ मैल. गॅलन आणि मैल अण्णांना चालत नाहीत, म्हणून ०.४२५ ने गुणून सांगितलं : लिटरला नऊ किलोमीटर. "बरी हाय," म्हणाले. अण्णांच्या तोंडून "बरी" म्हणजे विशेष प्राविण्य.

पुढच्या वर्षी आम्ही ट्रेलर घेतला. २८ फुटी, आत दोन पलंग, शेगडी, फ्रिज, मोरी, सगळं. विकणारा म्हणाला होता, मागे काही आहे हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही. (हे वाक्य ज्याने पहिल्यांदा शोधून काढलं त्याला एकदा कॅन्ससच्या वाऱ्यात माझ्या शेजारच्या सीटवर बसवायचं आहे.) पहिल्या फेरीनंतर अण्णांचा प्रश्न आलाच. गॅलनला नऊ मैल. लिटरला पावणेचार.

पलीकडे शांतता. मग, "वजन किती हाय?"

वजन मला पौंडापर्यंत माहीत होतं. इथे मोठ्या ट्रकस्टॉपवर 'कॅट स्केल' नावाचा काटा असतो, साखर कारखान्याच्या दारातल्या वजनकाट्यासारखाच, फक्त पुढे-मागे भांडायला कोणी नसतं. पुढचं चाक एका पाटीवर, मागचं दुसऱ्या, ट्रेलरची चाकं तिसऱ्या. चिठ्ठी हातात येते. आमची आली ३,१००, ३,९०० आणि ६,३०० पौंड. एकूण १३,३००. म्हणजे पिकअप, ट्रेलर, आम्ही तिघं, कुकर, तांदळाची पिशवी आणि बायकोने 'लागली तर' म्हणून घेतलेली पाच किलो कणीक धरून सहा टन.

"सहाच टन?" अण्णा खरंच दुखावले. "सहा टनाला एवढं प्यायला लागती? आरं, आपला ट्रॅक्टर सतरा टन वढायचा."

ते खोटं नाही. कराडच्या बाजूला ऊस वाहतुकीत अण्णांची उमर गेली. गळीत हंगामात ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर, आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कारखान्याच्या रांगेत. त्यांचा हिशेब किलोमीटरचा नव्हताच, खेपेचा होता. एका खेपेला डिझेल किती. माल जास्त भरला की जास्त, कमी भरला की कमी. गाडी वजनानं खाते, हे त्यांचं शास्त्र, आणि मीही ते लहानपणापासून तसंच मानत आलो होतो. म्हणून ट्रेलर घेतल्यावर पहिलं काय केलं, तर वजन काढलं. पाण्याची टाकी रिकामी करून निघायला लागलो : ४० गॅलन, गॅलनला ८.३४ पौंड, म्हणजे ३३० पौंड वाचले. लोखंडी तवा घरी ठेवला, त्यावरून भांडण झालं. फरक? वहीत शोधून सापडला नाही.

वही म्हणजे पिकअपच्या कप्प्यातली शाळकरी वही. प्रत्येक वेळी टाकी फुल करायची, मैल लिहायचे, गॅलन लिहायचे, भागाकार करायचा. गाडीच्या स्क्रीनवर आकडा असतो, पण आमची स्क्रीन जरा आशावादी आहे. ती ६.६ म्हणते तेव्हा पावती ६.१ म्हणते.

तो ६.१ कुठला, ते सांगतो.

जूनमध्ये कॅन्सस सिटीच्या शेजारून, ओलेथाहून, कोलोरॅडोला निघालो होतो. इंटरस्टेट ७० धरायचा आणि सहाशे मैल सरळ पश्चिमेला. कॅन्सस सपाट आहे असं सगळे म्हणतात. सपाट दिसतं, पण ते तिरकं आहे. ओलेथा समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर, डेन्व्हर ५,२८० वर. सव्वाचार हजार फुटांचा घाट आहे तो, फक्त सहाशे मैलांत पसरलेला, म्हणून कोणाला कळत नाही. मला वाटलं, हाच चोर. मग एका कॅम्पग्राउंडवर रात्री झोप येईना म्हणून गणित मांडलं. सहा टन वजन तेवढं वर उचलायला साधारण ७७ मेगाज्यूल लागतात. गॅलनभर पेट्रोलमध्ये असतात १२० च्या आसपास, त्यातले चाकापर्यंत पोचतात पाव हिश्शाएवढे. म्हणजे ओलेथापासून डेन्व्हरपर्यंतचा अख्खा चढ अडीच गॅलनमध्ये बसतो. मी जाळले होते ऐंशी.

बाकीचे कुठे गेले, ते दिवसभर खिडकीतून दिसतच होतं. सलायना सोडलं की पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पवनचक्क्या लागतात. मैलोन् मैल. मला एकदम चाळकेवाडीचं पठार आठवलं, साताऱ्याहून वर गेलं की टोपी उडवणारा वारा आणि ती फिरणारी पाती. लेकीला कौतुकाने सांगितलंसुद्धा, की बघ, आमच्या गावाकडे असंच आहे. कोणी शहाणा माणूस पवनचक्की उगाच कुठेही उभी करत नाही, हा विचार त्या वेळी डोक्यात आला असता तर बरं झालं असतं.

सलायनापर्यंत ९.१ दिला. तिथून कोल्बीपर्यंत, मध्ये हेजला थोडं पेट्रोल टाकून, ७.७. वारा आधी डावीकडून होता. आडवा वारा ट्रेलरला बाजूने ढकलत राहतो आणि स्टीअरिंग सतत थोडं वळवून धरावं लागतं, संध्याकाळी खांदे दुखतात. कोल्बीनंतर तो फिरून समोरून आला. मी कोल्बीला टाकी फुल केली, २६ गॅलन, आणि ठरवलं की आता थेट लायमनला थांबायचं. १४४ मैल. साडेसातने धरलं तरी एकोणीस गॅलन. गुडलंडला थांबलो नाही. तिथे वेळेचा पट्टा बदलतो आणि घड्याळ एक तास मागे जातं, तेवढ्यानेच वेळ वाचल्यासारखं वाटलं. बर्लिंग्टनलाही थांबलो नाही.

रस्त्याला वेगमर्यादा ताशी ७५ मैलांची आहे. मी ६८ ने चालवत होतो आणि स्वतःला सभ्य समजत होतो. इंजिनचा आवाज बदललेला मला कळत होता : दहा गिअरचा बॉक्स, पण वरचे गिअर विसरूनच गेला होता, सहाव्या-सातव्यात घरघर करत होता. सायबर्टच्या अलीकडे पिवळा दिवा लागला. त्याच्या आधी 'अजून किती जाल' हा आकडा कसा खाली येत होता ते बघण्यासारखं होतं, आपण एक मैल पुढे जायचं आणि त्याने दोन मैल कमी करायचे. बायको काही बोलली नाही. तिने फक्त एसी बंद केला. जूनमध्ये.

मी ५२ वर आलो. उजवी लेन, दिवे लुकलुकते, मागून प्रत्येक ट्रक हॉर्न देऊन जाणारा. दहा मिनिटांत स्क्रीनवरचा आकडा खाली यायचा थांबला, मग चक्क वर चढला. फ्लॅगलर गेलं, जेनोआ गेलं, लायमन आलं. पंपावर २३.७ गॅलन गेलं. १४४ भागिले २३.७, वहीत ६.१. लिटरला दोन पूर्णांक सहा.

नऊ दिवसांनी त्याच रस्त्याने परत आलो. तोच ट्रेलर, तेच सामान, कणीक तेवढी संपली होती. वारा पाठीवर. लायमन ते कोल्बी ११.४.

मला एवढं पुरलं. वजन तेच असताना एकदा ६.१ आणि एकदा ११.४. लायमनच्या बाजूने थोडा उतार आहे खरा, पण अडीच गॅलनचं गणित आधीच मांडलं होतं, त्यातला या टप्प्याच्या वाट्याला किती येणार? बाकी सगळा वारा. आठ फूट रुंद आणि जमिनीपासून अकरा फूट उंच अशी एक भिंत मी मागे बांधून फिरवतो आहे, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० ऐवजी ७० ने गेलं की तो छत्तीस टक्क्यांनी जास्त. ६५ ने जाताना समोरून वीसचा वारा असला, तर हवेच्या लेखी तुम्ही ८५ ने चाललेले असता. स्पीडोमीटर काहीही सांगो.

डोंगरात तर मजाच झाली. डेन्व्हरहून फ्रिस्कोला, डिलन तलावाकाठी जायचं होतं. मध्ये आयझेनहॉवर बोगदा, उंची ११,१५८ फूट. मी पैशांची मानसिक तयारी करून गेलो होतो. चढताना स्क्रीनवर चार-पाचचा आकडा होताच, इंजिन ओरडत होतं. पण चढाला वेग ४५, उताराला ४५, वरती हवा विरळ, आणि उतरताना टो-हॉल मोडवर, म्हणजे ओझं ओढायच्या सेटिंगवर, इंजिन खालच्या गिअरमध्ये धरून ठेवतं, पेट्रोल जवळजवळ लागत नाही. डेन्व्हर ते डेन्व्हर सरासरी आली ९.६. सपाट म्हणवणाऱ्या कॅन्ससपेक्षा घाट स्वस्त पडला. (कोलोरॅडोत पंपावर ८५ ऑक्टेनचं पेट्रोल सगळ्यात स्वस्त दिसेल, मोहात पडू नका. टर्बो इंजिनच्या पुस्तकात कमीत कमी ८७ लिहिलंय, आणि मागे ट्रेलर असताना त्याच्याही वरचं घातलेलं बरं.)

लोक मला विचारतात की मग करायचं काय. पिकअपच्या छतावर वारा वळवणारा पंख लावून बघितला, माझ्याकडे तरी फरक दिसला नाही. एअर फिल्टर, टाकीत टाकायच्या बाटल्या, यांच्याविषयी न बोललेलं बरं. डिझेल पिकअप थोडी जास्त देते, पण घेतानाच तेवढे पैसे मोजून घेते. विजेवरची पिकअप ट्रेलर लावल्यावर निम्म्या पल्ल्यावर येते, त्यात तिचा दोष नाही, तिलाही तीच भिंत ओढायची असते. मी ६२ च्या वर जात नाही, टायरची हवा गार असताना बघतो, आणि निघायच्या आदल्या रात्री पावसाच्या अंदाजाआधी वाऱ्याचा अंदाज बघतो. माळावर पहाटे वारा पडलेला असतो, दहा-अकरानंतर उठतो, म्हणून आम्ही पाचला निघतो आणि दुपारी एकला थांबतो. अर्धी टाकी झाली की पंप. तोही ट्रकस्टॉपचा, जिथे ट्रेलरसकट आत जाऊन पुढून बाहेर पडता येतं. एकदा गावातल्या छोट्या पंपावर घुसलो होतो, तिथून मागे घ्यायला पाऊण तास लागला आणि एक कचऱ्याचा डबा गेला.

परत आल्यावर अण्णांना सगळं सांगितलं. सहा आणि अकरा, वारा, भिंत, वर्ग. अण्णा ऐकत होते, पण पटत नव्हतं. "वारं सगळ्यांनाच लागतं की. आमच्या ट्रॉलीला नव्हतं व्हय?"

म्हटलं, अण्णा, तुमचा ट्रॅक्टर ताशी वीस किलोमीटरने जायचा. मी शंभरने जातो. पाच पट वेग, त्याचा वर्ग केला की पंचवीस पट वारा. तुम्हाला वजनच लागत होतं, वारा लागायची वेळच येत नव्हती. तुमचं तिथे बरोबर, माझं इथे.

बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "ट्रॅक्टरच्या आधी दोन वर्सं ट्रकवर हुतो मी. तुला ठावं न्हाई, तू झाला नव्हतास. कडबा न्यायचो. वज्याचं म्हणशील तर काय बी न्हाई, पण भरला की असा वर, दोन पुरुस. रिकामी गाडी पळायची, आन् कडबा घातला की म्हशीगत चालायची. मालक म्हनायचा, डिझेल इकतोयस काय रं." थांबले. हसू आल्याचं आवाजात कळलं.

"मग कडबा भरलाय म्हण की. उगं तासभर डोकं खाल्लंस."