तुम्ही विचारलंत म्हणून : 'प्रेसिडेंट-इलेक्ट' नक्की कधीपासून?

अमेरिकेतला निकाल लागला की दर चार वर्षांनी हा प्रश्न येतो. टीव्हीवर रातोरात 'प्रेसिडेंट-इलेक्ट' (निवडून आलेला, पण पदावर अजून न बसलेला राष्ट्राध्यक्ष) म्हणायला लागतात, पण ही पदवी दिली कुणी आणि कोणत्या तारखेला?

प्रश्न पडतो तो आपल्या सवयीमुळे. आपल्याकडे मतमोजणी संपली की निवडणूक निर्णय अधिकारी निकाल जाहीर करतो आणि विजयी उमेदवाराच्या हातात प्रमाणपत्र ठेवतो. अमेरिकेत देशभराचा निकाल जाहीर करणारा असा अधिकारीच नाही. तिथलं फेडरल इलेक्शन कमिशन प्रचाराच्या पैशांवर नजर ठेवतं. मतं राज्यं मोजतात. निवडणुकीच्या रात्री ऐकू येतो तो असोसिएटेड प्रेस आणि वाहिन्यांचा कौल. तो बहुतेकदा बरोबर निघतो, तरी कायद्याच्या लेखी ती फक्त बातमी. 2000 साली वाहिन्यांनी फ्लोरिडा राज्य आधी उमेदवार अल गोर यांना दिलं, मग त्यांचे प्रतिस्पर्धी जॉर्ज बुश यांना, आणि दोन्ही वेळा शब्द मागे घेतला.

एकच तारीख हवी असेल तर मी डिसेंबरातली सांगेन. मतदार नोव्हेंबरात खरं तर इलेक्टर, म्हणजे राष्ट्राध्यक्षाला प्रत्यक्ष मत देणारे राज्याचे प्रतिनिधी, निवडतात. एकूण 538, बहुमताला 270. डिसेंबरातल्या दुसऱ्या बुधवारनंतरच्या मंगळवारी (2024 मध्ये 17 डिसेंबरला) हे इलेक्टर आपापल्या राज्यात जमतात, राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षासाठी वेगवेगळं मत देतात आणि प्रमाणपत्रांच्या सहा प्रतींवर सह्या करतात. त्यातली एक सिनेटच्या अध्यक्षाकडे, म्हणजे उपराष्ट्राध्यक्षाकडे, जाते. त्याच्या सहा दिवस आधी राज्याने 'आमचे इलेक्टर हे' असा दाखला दिलेला असावा लागतो. 2022 च्या कायद्याने ही मुदत पक्की केली.

हीच तारीख का, तर मृत्यूमुळे. विसावी घटनादुरुस्ती सांगते की कार्यकाळ सुरू होताना 'प्रेसिडेंट-इलेक्ट' हयात नसेल तर उपराष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेली व्यक्ती राष्ट्राध्यक्ष होते. मग 'इलेक्ट' कधीपासून? दुरुस्ती पाठवताना प्रतिनिधिगृहाच्या समितीने 1932 मध्ये अहवालात लिहून ठेवलं की इलेक्टरांनी मत दिलं की झालं, ती मतं मोजून व्हायची वाट बघायला नको. विजेता त्याआधी, नोव्हेंबरात गेला, तर हे कलम लागू होत नाही. पक्ष नवा उमेदवार सुचवेल आणि इलेक्टर त्याला मत देतील, ही अपेक्षा. पण काही राज्यांत ते मूळ नावाशी कायद्याने बांधलेले असतात, आणि गोंधळ तिथेच होतो. 1872 मध्ये हरलेले उमेदवार होरेस ग्रीली इलेक्टरांच्या मतदानाआधी वारले. त्यांच्या 66 इलेक्टरांपैकी 63 जणांनी मतं इतरांना वाटली, आणि तिघांनी तरीही ग्रीलींना दिलेली मतं काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) मोजलीच नाहीत.

मग नोव्हेंबरातच सरकारी कचेरी, पैसे, खात्यांची माहिती कशी मिळते? त्यासाठी 1963 चा सत्तांतर कायदा आहे. त्यात 'प्रेसिडेंट-इलेक्ट' म्हणजे 'विजयी दिसणारा' उमेदवार, आणि तो कोण हे ठरवायचं जनरल सर्व्हिसेस अॅडमिनिस्ट्रेशनच्या प्रमुखाने. सरकारी इमारती आणि गाड्या सांभाळणाऱ्या खात्याकडे हे काम का, असं वाटेल. पण द्यायच्या असतात त्या खोल्या, टेबलं आणि पैसेच. 2020 मध्ये वाहिन्यांनी बायडन यांचा विजय 7 नोव्हेंबरला सांगितला, खात्याचं पत्र निघालं 23 तारखेला. मधले सोळा दिवस त्यांच्या माणसांना खात्यांची दारं बंद होती. म्हणून 2022 मध्ये नियम बदलला: निवडणुकीनंतर पाच दिवसांत पराभव मान्य होऊन एकच उमेदवार उरला नाही, तर उरलेल्या सगळ्यांना मदत मिळते. मात्र ही मदत घेतली की खासगी देणगीवर प्रत्येकी 5,000 डॉलरची मर्यादा येते आणि देणगीदारांची नावं उघड करावी लागतात. 2024 मध्ये ट्रम्प यांच्या चमूने या खात्याचे पैसे आणि जागा दोन्ही नाकारलं. त्याने त्यांच्या पदवीत काही फरक पडला नाही.

6 जानेवारीला दुपारी एक वाजता काँग्रेससमोर मतं मोजली जातात आणि उपराष्ट्राध्यक्ष निकाल वाचून दाखवतात. 2025 मध्ये कमला हॅरिस यांनी स्वतःचाच पराभव वाचला: 312 विरुद्ध 226. 'खरी' तारीख हीच, असं मानणारेही आहेत, कारण कायद्यात या वाचनालाच निवडीची जाहीर घोषणा म्हटलंय. मला ते पटत नाही. हरकत नोंदवायलाही आता प्रत्येक सभागृहाच्या एक-पंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात, आणि मोजायची मतं तर तीन आठवड्यांपूर्वीच पडलेली असतात.

आणि 'ऑफिस ऑफ द प्रेसिडेंट-इलेक्ट' ही भाषणाच्या मेजावरची पाटी? ती विजेत्याच्या चमूने स्वतःच बनवलेली असते.

मराठी बातम्यांत 'नवनिर्वाचित राष्ट्राध्यक्ष' लिहितात, तेही शपथेनंतर महिनाभर. 'इलेक्ट'ला जवळचा शब्द 'नियोजित', कारण 20 जानेवारीला दुपारी बाराला ही पदवी संपलेली असते.