नाव, गाव आणि प्रश्न

गेल्या मंगळवारी मी रेडिओवर बोलले. एक मिनिट, फार तर सव्वा मिनिट. पण तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून लिहायला बसले.

सकाळपासून रेडिएटर थंडगार होता. बाहेर उणे नऊ. घरात स्वेटर, त्यावर आईची शाल, पायांत दोन-दोन मोजे. बिल्डिंगची देखभाल बघणाऱ्या माणसाला इथे न्यूयॉर्कमध्ये 'सुपर' म्हणतात. त्याला तीन मेसेज केले होते, उत्तर नव्हतं. दहा वाजता नेहमीप्रमाणे डब्ल्यूएनवायसी हे इथलं रेडिओ स्टेशन लावलं, कुकर चढवला आणि ब्रायन लेहरर यांच्या कार्यक्रमात नेमका विषय निघाला घरातल्या हीटिंगचा. हात पुसले आणि फोन लावला. त्या नंबरचे शेवटचे चार आकडे फोनच्या बटणांवर डब्ल्यूएनवायसी ही अक्षरं होतील असे घेतलेत, त्यामुळे तो इतकी वर्षं न लिहिता पाठ होता. लावला मात्र कधीच नव्हता.

पलीकडच्या मुलीनं विचारलं : नाव काय, कुठून बोलताय, काय सांगायचंय. नावाचा उच्चार दोनदा म्हणून घेतला. घरातला रेडिओ बंद करा म्हणाली, कारण प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं आणि स्वतःचाच आवाज ऐकून माणूस गडबडतो. मग वीस मिनिटं फोन कानाला. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला, पुन्हा कानाला. त्या दिवशी सूत्रसंचालनाला बदली माणूस होता. तो म्हणाला, मंजिरी, सनीसाइड, क्वीन्स, तुम्ही डब्ल्यूएनवायसीवर आहात.

काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. सुपर म्हणतो बॉयलर जुना आहे, थांबा. खालच्या मजल्यावरच्या आजी गॅसची शेगडी पेटवून तिच्याजवळ बसतात, त्याची मला भीती वाटते. तक्रार बिल्डिंगनं करायची की प्रत्येकानं? कार्यक्रमातल्या पाहुण्या होत्या भाडेकरूंच्या वकील. त्यांनी सरळ सांगितलं : प्रत्येक घरानं ३११ला, म्हणजे शहराच्या तक्रारींच्या नंबरला, वेगळी तक्रार करायची, रोज करायची, आणि एक वही ठेवायची. तारीख, वेळ, आतलं तापमान, बाहेरचं तापमान.

नियम असा आहे. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात, सकाळी सहा ते रात्री दहा, बाहेरचा पारा ५५ फॅरनहाइटच्या खाली गेला की घरात किमान ६८ हवं, म्हणजे आपले वीस सेल्सिअस. रात्री बाहेर काहीही असो, आत किमान ६२. शेगडीची भीतीही उगाच नाही. २०२२च्या जानेवारीत ब्रॉन्क्समध्ये एका इमारतीत खोली गरम करायच्या विजेच्या हीटरमुळे आग लागली आणि १७ माणसं गेली. मी आजींकडे वही घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी आमच्या मजल्यावरच्या चार घरांनी तक्रारी केल्या. गुरुवारी रेडिएटर खडखडला.

पण मला सांगायचंय ते रेडिएटरचं नाही. मला सांगायचंय ते 'मंजिरी, सनीसाइड, क्वीन्स' याबद्दल.

ब्रायन लेहरर यांनी हा कार्यक्रम १९८९ साली सुरू केला. सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते बारा. आमदार, शहराच्या कौन्सिलचे सदस्य, पुस्तक आलेले लेखक, शाळांचे प्रश्न, सबवेचं भाडं, उंदीर, कचरा, सगळं येतं. आणि मधेमधे फोन. प्रत्येक फोन नावानं आणि वस्तीच्या नावानं सुरू होतो. आडनाव नाही, हुद्दा नाही. मी २०१८मध्ये आले तेव्हा जोडीदाराच्या व्हिसावर होते, नोकरीचा परवाना नव्हता. नवरा आठला जायचा तो सातला यायचा. पहिली चार वर्षं या दोन तासांत मला माणसांचे आवाज मिळाले. हे शहर मी पायांनी नंतर पाहिलं, आधी कानांनी. फ्लॅटबुश, बे रिज, इनवुड, कोरोना, कनार्सी. कुठल्या वस्तीचा माणूस कशाबद्दल चिडतो हे मला नकाशाआधी कळलं. अडखळत इंग्रजी बोलणाऱ्या माणसालाही वाक्य पुरं करू देतात, हे ऐकूनच माझी स्वतःच्या इंग्रजीची भीती गेली.

आणि दर वेळी मला आण्णांची, माझ्या वडिलांची, पोस्टकार्डं आठवायची.

सांगलीत आमच्या गावभागातल्या घरी आकाशवाणीच्या 'आपली आवड'ला आण्णा पत्र पाठवायचे. शाळामास्तरांचं अक्षर, एका कार्डावर गल्लीतली आठ-दहा नावं. खाली गावाचं नाव ठळक. ज्या दिवशी निवेदिका ती यादी वाचायची त्या दिवशी घरात कुणी भांडं आपटायचं नाही. गाणं कुठलं लागलं ते आज आठवत नाही, पण 'सांगलीहून' हा शब्द आठवतो. झुमरी तलैया नावाचं गाव देशाला कळलं तेही फर्माइशींमुळेच. तेव्हा नाव-गाव घेऊन सामान्य माणसाला हाक मारणं आपल्या रेडिओला अमेरिकेकडून शिकायचं नव्हतं. आपल्याकडे ते पोस्टकार्डावर झालं आणि सुंदर झालं.

फक्त ते गाण्यापुरतं राहिलं. डॉक्टरांना विचारायला, पिकावरच्या किडीबद्दल कृषी अधिकाऱ्यांना विचारायला आकाशवाणीवर फोन घेतात, ते मी ऐकलंय. पण पालकमंत्री बसलेत आणि कुपवाडची बाई त्यांना पाण्याच्या टँकरबद्दल विचारतेय, असं माझ्या कानांवर कधी आलं नाही. खासगी एफएमना तर स्वतःच्या बातम्या द्यायचीच परवानगी नाही. ट्रॅफिक सांगा, हवामान सांगा, गाणी लावा. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तीस वर्षं होऊन गेली, आणि आपली आरजे मंडळी इतकं छान बोलतात, त्यांना महापालिकेच्या अंदाजपत्रकावर बोलता येत नाही.

मागे न्यू जर्सीतल्या एडिसनला एका ओळखीच्यांकडे हळदीकुंकवाला गेले होते. तिथे हा विषय निघाला तर एक जण म्हणाली, आपल्याकडे हे कधी होणारच नाही, आपल्या लोकांना प्रश्न विचारायची सवयच नाही. मला राग आला. सवय नाही? गटार तुंबलं की आण्णा सकाळी सातला नगरसेवकाच्या दारात. तो बनियनवर बाहेर यायचा, 'मास्तर, बसा' म्हणायचा, चहा यायचा आणि दुपारपर्यंत माणसं गटारावर. इथे आमच्या कौन्सिल सदस्याचा चेहरा मी फक्त पत्रकावर पाहिलाय. माझ्या घरची ऊब परत यायला रेडिओवर फोन आणि चार तक्रारी लागल्या, आणि ज्याला रोज जिन्यात भेटते तो सुपर मेसेजला उत्तर देत नव्हता.

हे सगळं मी तिला तावातावानं सांगितलं, आणि परतताना ट्रेनमध्ये एक गोष्ट टोचत राहिली. आण्णांना त्या ओट्यावर जे आश्वासन मिळायचं ते आण्णाच ऐकायचे. मागच्या गल्लीत, जिथे 'मास्तर' कुणी नव्हतं, तिथलं गटार कधी निघालं? तिथल्या बाईनं कुणाच्या ओट्यावर बसायचं? आणि आता तर तो ओटाही बरीच वर्षं रिकामा होता. पुणे-मुंबईत मार्च २०२२पासून जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. सांगलीत २०२३पासून तेच. २०२६च्या जानेवारीत मतदान झालं तेव्हा कुठे माणसं परत आली.

इथे काही वर्षं दर शुक्रवारी महापौर बिल डी ब्लासिओ स्वतः कार्यक्रमात यायचे आणि फोन घ्यायचे. आधी लेहरर यांचे प्रश्न, मग लोकांचे. उत्तर टाळलं तर टाळलेलं सगळ्या शहरानं ऐकलं. मला तेव्हा कमाल वाटायची. बटाट्याच्या काचऱ्या करता करता मी थांबून ऐकायचे. त्यांच्यानंतरच्या महापौरांनी ही दर शुक्रवारची प्रथा चालवली नाही, हेही सांगायला हवं. म्हणजे इथेही ते कायद्यात नाही, माणसाच्या मर्जीवर आहे.

या स्टेशनचा इतिहास मला फार आवडतो, कारण ते एके काळी चक्क महापालिकेचं होतं. १९२४ला सुरू झालं ते शहराच्या मालकीचं म्हणून. १९४५च्या जुलैमध्ये वर्तमानपत्रं वाटणाऱ्यांचा संप झाला, तेव्हा महापौर ला ग्वार्डिया यांनी मुलांना चित्रकथा चुकू नयेत म्हणून त्या रेडिओवर वाचून दाखवल्या. पुढे शहरानं स्टेशन विकायला काढलं, २ कोटी डॉलरना. १९९७पासून ते स्वतंत्र, श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारं. वर्गणीच्या आठवड्यात दर दहा मिनिटांनी पैसे मागतात, ते ऐकवत नाही. पण २०२५च्या जुलैमध्ये अमेरिकी संसदेनं सार्वजनिक प्रक्षेपणाचे १.१ अब्ज डॉलर मागे घेतले, तेव्हापासून मी महिन्याला दहा डॉलर देते.

ऑगस्ट २०१९. सांगलीत कृष्णेला महापूर. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी ५७च्या पुढे. आण्णा-आई शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर, फोन बंद. मी इथे सनीसाइडच्या स्वयंपाकघरात रात्रभर फॉरवर्ड वाचत होते. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती सोडलं, प्रत्येक मेसेजमध्ये वेगळा आकडा. मला त्या रात्री एकच हवं होतं : एखादा अधिकारी मायक्रोफोनसमोर बसलाय, आणि गावभागातली, हरिपूरची, कुणीतरी बाई नाव सांगून त्याला विचारतेय, आत्ता किती सोडलंय, आम्ही निघायचं का?

दोन वर्षांनी, १ सप्टेंबर २०२१च्या रात्री, आयडा वादळाचा पाऊस इथे कोसळला. शहरात तळघरांतल्या घरांमध्ये अकरा जण बुडाले, बहुतेक आमच्याच क्वीन्समध्ये. म्हणजे रेडिओ असून माणसं मेलीच. मी हे विसरत नाही. पण पुढचे दिवस तळघरांत राहणारी माणसं रेडिओवर बोलत होती, आणि मी डाळ ढवळत रडत होते. इथल्यांसाठी की तिथल्यांसाठी, ते मला सांगता येणार नाही.

'तू मत तरी कुठे देतेस?' असं नवरा एकदा म्हणाला. खरं आहे. इथे मी नागरिक नाही. २०२१मध्ये कौन्सिलनं ग्रीन कार्ड किंवा कामाचा परवाना असलेल्यांना पालिकेचं मत द्यायचं ठरवलं होतं. नवरा त्यात बसला असता, तेव्हाची मी बसले नसते. पुढे कोर्टात ते टिकलंच नाही. सांगलीत मत द्यायला प्रत्यक्ष हजर राहावं लागतं. म्हणून मी ऐकते. २०२१च्या महापौरपदाच्या प्राथमिक निवडणुकीत पाच उमेदवारांना पसंतीक्रम द्यायची पद्धत पहिल्यांदाच आली. कार्यक्रम ऐकून मीच ती खालच्या आजींना कागदावर काढून समजावली होती. मत त्यांनी दिलं. तेवढा माझा हात लागला, असं मी समजते.

मंगळवारचा भाग नंतर स्टेशननं ऑनलाइन टाकला. माझा तुकडा कापून मी आण्णांना पाठवला. त्यांना इंग्रजी नीट कळतं, ऐकू कमी येतं. आईनं फोन त्यांच्या कानाशी धरला. दोनदा ऐकलं. मग मला फोन.

"आवाज स्वच्छ होता गं. घाईनं बोललीस, पण मुद्दा आला."

"हो आण्णा."

"ते आधी गावाचं नाव घेतलं ना त्यांनी, ते काय म्हणाले?"

"सनीसाइड. आमची वस्ती."

ते जरा थांबले. मागे आईचा कुकर वाजत होता.

"पुढच्या वेळी सांगलीचंही घे," म्हणाले.