चार वेळा दहा सेकंद

रिमोट माझ्याच हातात होता हे आधी लिहून ठेवतो. बाकी काहीही फिरवून लिहिलं तरी हे फिरवता येणार नाही.

काल शनिवार. ही नेहमीप्रमाणे आतल्या खोलीत कॉलवर, आई खाली पेपर पसरून मेथी निवडत बसलेली, आणि मी नि मनू सोफ्यावर 'माय नेबर टोटोरो' हा जपानी कार्टून सिनेमा बघत होतो. मनूने मावशीकडे आधी एकदा पाहिलाय, त्यामुळे ती पुढचं पुढचं सांगत होती, आता बघ हां, आता काजळीचे गोळे पळणार. मस्त चाललं होतं. जुनं पडकं घर, दोघी बहिणी नुसत्या धावतायत, बाप पुस्तकांच्या ढिगात. मग रात्र होते, बाहेर सोसाट्याचा वारा सुटतो, आणि बाप दोघी मुलींना घेऊन न्हाणीघरात, गरम पाण्यात बसलेला. माझा अंगठा आपोआप गेला. दहा सेकंद पुढे, दहा सेकंद पुढे, असं चार वेळा. विचारबिचार काही नाही, डास मारतो तसं.

"बाबा! ते हसायचं होतं ना!"

"काय हसायचं?"

"ते सगळे मोठ्याने हसतात ते! तेच गेलं!"

आई मान वर न करता म्हणाली, काय झालं गं. मी म्हणालो काही नाही, चुकून दाबलं गेलं. चार वेळा चुकून.

रात्री सगळे झोपल्यावर मोबाईलवर, कानात हेडफोन घालून तेवढाच तुकडा पाहिला. काय आहे त्यात? वाऱ्याने अख्खं घर हलतंय, छप्पर उडतंय की काय असं वाटतंय, पोरी घाबरल्यात. तर बाप एकदम मोठमोठ्याने हसायला लागतो आणि सांगतो तुम्हीही हसा, हसलं की भीती पळते. मग त्याही हसतात, पाणी उडवतात, आणि घरात लपून बसलेले ते काजळीचे गोळे कंटाळून निघून जातात. बस एवढंच. त्या घराची भीती जाते तो हा सीन, आणि मी नेमका तोच उडवला. म्हणजे त्यात काही वावगं आहे हे मनूला आत्तापर्यंत माहीतच नव्हतं, ते मी माझ्या अंगठ्याने तिला सांगितलं. हे मला रात्री एक वाजता कळलं आणि मग झोप गेली ती गेलीच.

कोणासाठी दाबलं? मनूसाठी नाही, तिने पाहिलेलाच आहे. आईसाठी म्हणावं तर ती मेथीत होती.

आपला तो, जपानात नागोयाला दोन वर्षं राहून आलेला, तो मागे सांगायचा की जपान्यांची आंघोळ म्हणजे आपली आंघोळ नव्हेच. आधी टबाच्या बाहेर छोट्या स्टुलावर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुऊन घ्यायचं, आणि मग टबात नुसतं बसायचं. टबात साबण न्यायचा नाही, कारण तेच पाणी घरातल्या सगळ्यांना, एकामागून एक, वर झाकण ठेवून गरम राखलेलं. (आईला हे एकदा सांगितलं होतं, तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. एकाच पाण्यात सगळे? शी! उघडेपणापेक्षा तिला ते जास्त खुपलं.) म्हणजे ती धुण्याची जागा कमी आणि बसून गप्पा मारायची जास्त, आपल्याकडे झोपाळा असायचा तशी. ऑफिसातून दमून आलेल्या बापाला पोरांबरोबर मिळणारा अर्धा तास तोच, त्या पाण्यात. आणि तिथेही कसलीच सीमा नाही असं नाही. सार्वजनिक स्नानगृहात आईबरोबर मुलगा किंवा बापाबरोबर मुलगी कितव्या वर्षापर्यंत चालेल याचा सरकारी दंडक आधी साधारण दहा वर्षांचा होता, तो २०२० च्या डिसेंबरात सातवर आणला, टोकियोत २०२२ पासून लागू झाला. म्हणजे तेही बसून ठरवतातच की कुठपर्यंत, फक्त उघडपणे आकडा लावून ठरवतात.

आमच्याकडे आकडा नव्हता. आमच्याकडे आई म्हणाली, "आता तू नको हो तिला आंघोळ घालूस." मनू पाचाची होत होती. मी म्हणालो बरं.

हे 'बरं' मला काल रात्रीपासून टोचतंय. का नको हे तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही, आणि दोघांनाही माहीत होतं. पेपरात रोज काय छापून येतं ते ती चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचते, तिचं चुकलं असं मी म्हणणारच नाही. पण त्या एका वाक्याने मी बाप होतो तो एकदम पुरुष झालो, स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच पोरीसाठी. आधी जन्मल्यापासून मीच तर घालत होतो, हिची शिफ्ट सकाळची. मग्गा डोक्यावर ओतायच्या आधी "एक दोन अडीच" म्हणायचं असा आमचा नियम होता, तीनला ओतायचं नाही, अडीचलाच. त्यातली शेवटची आंघोळ कुठली होती ते आठवत नाही, कारण ती शेवटची आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. गेल्या दिवाळीत अभ्यंगस्नानाला आत तेल-उटणं चाललेलं आणि मी बाहेर दाराशी फुलबाज्या लावत उभा, तुळशीपाशी कारीट तयार. बापाने दारातच उभं राहायचं असतं, हे काम परंपरेने ठरवून दिलंय म्हणजे मान आहे असं समजायचं.

सिनेमातल्या त्या बापाची बायको आजारी आहे, हॉस्पिटलात. आपल्याकडे असं झालं असतं तर आधी आत्या आली असती, मग मावशी, मग गावाहून कोणीतरी काकू, पण न्हाणीचं दार बापासाठी उघडलं नसतं. आमचे बाबा आम्हा भावांना सुट्टीत गावच्या विहिरीवर न्यायचे, पाठीला सुका भोपळा बांधून सरळ ढकलून द्यायचे, ओरडलो तर हसायचे. ताईही यायची बरोबर. ती काठावर आमचे कपडे धरून उभी असायची. जाऊ दे.

पुन्हा, आम्ही काही फार सोवळे आहोत असंही नाही. हिच्या अमेरिकेतल्या मॅनेजरला कधीतरी बोलता बोलता कळलं की मनू अजून आमच्या मध्ये झोपते, तर ती बाई अक्षरशः गप्प झाली. कॉल संपल्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो. काय ही माणसं, सहा महिन्यांचं पोर वेगळ्या खोलीत टाकतात! जपान्यांना यातलं काहीच सांगावं लागलं नसतं, त्यांच्याकडे आईबाप दोन बाजूंना आणि मूल मध्ये अशा झोपण्याला नदीचं अक्षर म्हणतात, कारण नदी लिहायची ती तीन उभ्या रेघांनी. म्हणजे झोपण्यापर्यंत मी जपानी, आणि आंघोळ आली की तीच मॅनेजर.

आता सगळंच 'त्यांची संस्कृती' म्हणून गिळायचं का, तर तेही मला जमत नाही. 'उसागी ड्रॉप' ही जपानी कार्टून सिरीज बघितली होती मागे, २०११ ची, अकराच भाग. आजोबांच्या अंत्यविधीला तिशीतला पुतण्या की नातू, नातूच, तो जातो, तिथे सहा वर्षांची रिन असते, आजोबांची बाहेरची मुलगी, नातेवाईकांपैकी कुणालाच नकोय. हा घेऊन येतो घरी. पाळणाघराची वेळ सांभाळायला ऑफिसातलं चांगलं काम सोडून दुसऱ्या विभागात जातो. मी एकटा बसून रडलोय त्याच्यावर, उगाच कशाला लपवू. नंतर वाचलं की ज्या चित्रकथेवरून ती घेतलीय ती पुढे बरीच वर्षं उडी मारते, आणि मोठी झालेली ती मुलगी शेवटी त्यालाच लग्नाचा जोडीदार ठरवते. माझ्या अंगावर काटा आला तो आलाच, आणि तो मी कुणाच्याही संस्कृतीसाठी परत घेणार नाही. वाढवलेली पोर ती.

पण गंमत बघा, ती सिरीज बघताना मी एकदाही काही पुढे ढकललं नव्हतं. एकटा होतो ना, हेडफोन लावून. म्हणजे अंगठा पडद्यावर काय आहे त्यावरून हलतच नाही, सोफ्यावर शेजारी कोण आहे त्यावर हलतो. लहानपणी टीव्हीवर कुणी कुणाच्या जवळ आलं की आमचे बाबा खाकरायचे आणि आई आम्हाला नळाला पाणी आलं का बघायला पाठवायची. संध्याकाळी सातला कुठलं पाणी! पण बाबांनी खाकरून सीन तरी पूर्ण होऊ दिला, आम्ही दाराच्या फटीतून बघितला. माझ्या हातात बटण आलंय. २००८ साली सरकारने टीव्हीवरचं शिनचॅन हे जपानी कार्टून बंद केलं, मग वर्षभराने काटछाट करून परत आणलं, तेव्हा कॉलेजच्या कट्ट्यावर मी त्या खात्याची काय टिंगल केली होती. आता घरातलं माहिती आणि प्रसारण खातं मीच, कर्मचारी एक, तक्रार निवारण शून्य.

आज दुपारी मनूला म्हटलं चल, ते हसायचं परत लावू, यावेळी पूर्ण. तिने वर बघितलंसुद्धा नाही. "नको, मी भीम बघतेय." मी आपला रिमोट घेऊन उभा.

संध्याकाळी आई लसूण सोलत होती, शेजारी बसलो. बराच वेळ काही नाही, मग तीच म्हणाली, "त्या कालच्या माणसाला बायको नाही का रे?"

म्हणजे बघत होती.

"आहे. हॉस्पिटलात आहे."

"मग बरोबर आहे. पोरींना आंघोळ कोण घालणार, शेजारी?"

आणि पुढची कुडी घेतली.

मग माझ्या वेळी काय होतं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने सालांचं ताट माझ्याकडे सरकवलं, पंखा चालू होता, सालं उडायला लागली, ती गोळा करून डब्यात टाकून आलो.