नागरिक सल्लागार गटातील माझा अनुभव: मसुदा हाती कधी येतो, हाच खरा प्रश्न

शहराच्या डिजिटल सेवांसाठी नेमल्या जाणाऱ्या नागरिक सल्लागार गटासाठी मी अर्ज भरला, तेव्हा तांत्रिक शिक्षणाची अट असेल, अशी माझी समजूत होती. अर्जात मात्र तुम्ही कोणत्या सेवा वापरता, घरातल्या कोणासाठी वापरता आणि कोठे अडता, एवढेच विचारले होते. निवड झाल्यावर दोन कागदांवर सह्या झाल्या. काम मानधनाशिवाय आणि केवळ सल्ल्यापुरते आहे, हे पहिल्यात होते. सेवा पुरवणाऱ्या कोणत्याही कंपनीत माझे हितसंबंध नाहीत, असे दुसऱ्यात. हा दुसरा कागद त्या वेळी निव्वळ सोपस्कार वाटला. पुढे तोच उपयोगी पडला.

सुरुवातीच्या बैठका सादरीकरणातच जात. तयार झालेले संकेतस्थळ पडद्यावर दाखवले जाई आणि अभिप्राय मागवले जात. अशा वेळी माणसे रंग, छायाचित्रे आणि अक्षरांचा आकार यांवरच बोलतात, कारण बोलण्याजोगे दुसरे काही उरलेलेच नसते. कंत्राट दिलेले असते, कामाचे टप्पे आणि देयके ठरलेली असतात, त्यामुळे मुळातला कोणताही बदल म्हणजे वाढीव खर्च. ‘सूचना नोंदवून घेण्यात आली’ असे इतिवृत्तात लिहिले जाई आणि सूचना तेथेच राही. अमेरिकी अभ्यासक शेरी अर्न्स्टाईन यांनी १९६९ मध्ये नागरिक सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली; पायरी जितकी वरची, तितका नागरिकांचा अधिकार जास्त. तिच्यात सल्लामसलत चौथ्या, समजूत काढणे पाचव्या आणि भागीदारी सहाव्या पायरीवर आहे. आमचा गट चौथ्या-पाचव्या पायरीवर घुटमळत होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून आम्ही दोन मागण्या ठेवल्या. निविदा निघण्यापूर्वी आवश्यकतांचा, म्हणजे सेवेत काय-काय हवे ते सांगणारा, मसुदा आम्हाला दाखवावा, ही पहिली. आणि प्रत्येक शिफारशीला स्वीकार, सकारण नकार किंवा मुदतीसह स्थगिती यांपैकी एक लेखी उत्तर मिळावे, ही दुसरी. दुसरी मागणी लवकर मान्य झाली. पहिलीला विधी विभागाचा आक्षेप होता, कारण मसुद्यातील माहिती एखाद्या निविदाकाराला आधी कळली तर सारी प्रक्रियाच वादात सापडते. ही भीती रास्त होती. हितसंबंध नसल्याच्या त्या घोषणेला गोपनीयतेचे हमीपत्र जोडल्यावर मार्ग निघाला.

तक्रार नोंदणीच्या नव्या सेवेचा मसुदा असा आमच्या हाती आला. त्यावर मते देण्याऐवजी आम्ही जुनीच सेवा लोकांना वापरायला दिली आणि शेजारी बसून पाहिले. निरीक्षकाने मदत करायची नाही, असा नियम होता आणि तो पाळणे फार जड जाते. एक आजोबा रस्त्यावर वाहणाऱ्या सांडपाण्याची तक्रार करायला बसले. पहिलाच रकाना ‘विभाग निवडा’ असा. यादीत पाणीपुरवठा, मलनिस्सारण, रस्ते आणि आरोग्य हे चारही विभाग होते आणि तक्रार चौघांपैकी कोणाचीही असू शकत होती. ते यादी वर-खाली करत राहिले. तोवर सत्राची, म्हणजे अर्ज भरण्यासाठी संकेतस्थळाने दिलेल्या वेळेची, मुदत संपली आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. गटातील एक दृष्टिहीन सदस्य स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीने, तोच अर्ज भरत होत्या. छायाचित्र जोडण्याच्या टप्प्यावर त्यांच्या कानावर नुसते ‘बटण, बटण, बटण’ पडत होते, कारण कोणत्याही बटणाला संगणकाला वाचता येईल असे नावच दिलेले नव्हते.

या निरीक्षणांमुळे आमच्या शिफारशींची भाषा बदलली. ‘सेवा सर्वांना सुलभ असावी’ हे वाक्य कोणतीही कंपनी आनंदाने मान्य करते, कारण ते तपासताच येत नाही. डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय सुलभता मार्गदर्शक तत्त्वांत मात्र मोजता येतील असे निकष आहेत. त्यांच्या तीन पातळ्यांपैकी मधल्या, एए पातळीवर साध्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाचे प्रमाण (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५:१ असावे लागते. सत्राला कालमर्यादा ठेवायचीच असेल, तर ती संपण्यापूर्वी सूचना देऊन सोप्या कृतीने मुदत वाढवण्यासाठी किमान २० सेकंद द्यावेत आणि अशी वाढ किमान १० वेळा मिळावी, हा त्यांतील एक मान्य मार्ग आहे. असे निकष आम्ही मसुद्यात घालायला लावले आणि काम स्वीकारण्याची अट त्यांच्या चाचणीशी जोडली. विभाग निवडण्याचे काम नागरिकाकडून काढून कर्मचाऱ्याकडे द्यावे, हीही शिफारस स्वीकारली गेली.

मोबाइल क्रमांकाशिवाय ऑनलाइन तक्रार घ्यावी, ही शिफारस नाकारली गेली. क्रमांक नसेल तर तक्रारदाराला काही कळवता येत नाही आणि एकच तक्रार पुनःपुन्हा नोंदली जाते, असे लेखी कारण मिळाले. ते मला अर्धेच पटते. तरी कारण हाती असल्यामुळे वाटाघाट करता आली आणि क्रमांक नसलेल्यांची तक्रार खिडकीवर घेऊन छापील पावती देण्याचे ठरले.

गटाच्या रचनेबद्दल मात्र मी समाधानी नाही. संध्याकाळच्या ऑनलाइन बैठका माझ्यासारख्यांना सोयीच्या आहेत, पण ज्यांना ऑनलाइन सेवा जमत नाहीत ते अशा बैठकांना येणारच नाहीत. काही बैठका वाचनालयात दुपारी घ्याव्यात, या सूचनेवरचे उत्तर सध्या ‘स्थगित’ आहे.

आता आमच्यापुढे देखभालीच्या कराराचा मसुदा आला आहे. सेवा सुरू झाल्यानंतर केलेल्या प्रत्येक बदलानंतर सुलभतेची चाचणी पुन्हा कोणी आणि कोणाच्या खर्चाने करायची, याचा त्यात उल्लेख नाही. आमची पहिली शिफारस त्याविषयीचे कलम घालण्याची आहे.