हिरव्या किनारीचा ॲप्रन

आमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत कोकराच्या पांढऱ्या कातड्याचा एक छोटा ॲप्रन वर्षानुवर्षे पडून होता. वर अर्धगोल झडप, कडेने विटलेली हिरवी रेशमी फीत आणि त्याच फितीची तीन फुले. ब्राह्मणाच्या घरात कातडे इतके जपून ठेवण्याचे कारण कोणी सांगत नसे. आजी एवढेच म्हणे, "मामंजींचं आहे ते, हात लावू नका." पणजोबा मुंबईत रेल्वेच्या कचेरीत कारकून होते, महिन्यातून एका संध्याकाळी ‘लॉजात’, म्हणजे फ्रीमेसन या बंधुमंडळाच्या स्थानिक शाखेत, जात आणि पुढे धर्म बुडतो म्हणून त्यांनी ते सोडून दिले, एवढीच हकिकत घरात शिल्लक होती.

मी शोध सुरू केला तो चुकीच्या वहीत. इंग्लंडच्या युनायटेड ग्रँड लॉजची, म्हणजे तिथल्या लॉजांच्या शिखर संस्थेची, 1751 ते 1921 या काळातील सभासद-नोंदणीपुस्तके आता ॲन्सेस्ट्री या संकेतस्थळावर पाहता येतात. प्रत्येक लॉजचा चिटणीस दरवर्षी लंडनला यादी पाठवी, त्यावरून ती भरली जात. नाव, वय, राहण्याचे ठिकाण, व्यवसाय आणि तिन्ही पायऱ्यांच्या दीक्षेच्या तारखा असे रकाने त्यांत आहेत. लॉज कॉन्कॉर्ड, लॉज आर्यन अशा मुंबईच्या लॉजांची पाने मी कित्येक महिने चाळली. आमचे आडनाव इंग्रजी लेखनिकाने किती प्रकारे लिहिले असेल, याचा तक्ताच मी करून ठेवला होता, पण त्यातल्या एकाही रूपात पणजोबा सापडले नाहीत.

कोडे सुटले ते एका वृद्ध मेसन गृहस्थांमुळे. ॲप्रन हातात घेताच ते म्हणाले, "तीन फुलं म्हणजे तुमचे पणजोबा मास्टर मेसन, तिसऱ्या पायरीचे, होते. पण इंग्लिश लॉजची किनार आकाशी निळी असते आणि झडप त्रिकोणी. हे स्कॉटिश आहे." स्कॉटलंडच्या घटनेखालील प्रत्येक लॉजला स्वतःचा रंग निवडता येतो. म्हणजे ज्या वहीत पणजोबांचे नाव असणे शक्यच नव्हते, तिथे मी वर्षभर त्यांना शोधत होतो.

खरे तर मुंबईपुरता हा अंदाज मला आधीच यायला हवा होता. एतद्देशीयांसाठी इथे ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज 1843 साली निघाले ते डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने, आणि तेही स्कॉटिश सनदेवर. इंग्लिश लॉजने दार बंद ठेवल्यामुळे पॅरिसला जाऊन दीक्षा घेतलेले माणेकजी कर्सेटजी त्याच्या पहिल्या सभासदांत होते. अनेक देव मानणारा हिंदू एका परमेश्वराच्या नावे शपथ कशी घेणार, हा वाद बंगालमध्ये तर 1872 पर्यंत चालला. त्यानंतर बारा वर्षांनी कलकत्त्याच्या एका लॉजात नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, दाखल झाले.

1961 साली भारताचे स्वतंत्र ग्रँड लॉज झाले, तरी काही लॉज जुन्याच सनदेवर राहिले. पणजोबांचे लॉज त्यांपैकी एक निघाले आणि त्याच्या जुन्या वह्या एका कपाटात शाबूत होत्या. दारावरच्या हजेरीपुस्तकात, मुंबईत प्लेग येण्याच्या आदल्या वर्षापासून, त्यांची बारीक, उजवीकडे कललेली सही सापडते. जेवणाच्या हिशेबात मात्र सुरुवातीची कित्येक वर्षे त्यांचे नाव नाही. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये नुसता चहा पुढे आला, तर टिळक-रानड्यांसारख्यांवर प्रायश्चित्ताचे प्रकरण शेकले होते. तेव्हा साहेब आणि पारशांच्या पंगतीला बसण्याआधी एका कारकुनाने उठून घर गाठले, याचे मला नवल वाटत नाही. नवल वाटते ते पुढच्या एका पानाचे, कारण तिथे त्यांच्या नावापुढे जेवणाचे पैसे मांडले आहेत आणि त्यानंतर ते दर महिन्याला मांडलेले दिसतात.

लॉज त्यांनी सोडलेही नव्हते. दोन वर्षांची वर्गणी थकल्यामुळे त्यांचे नाव कमी केल्याची नोंद आहे. त्या वेळी घरात पाच मुले होती आणि धाकट्या बहिणीचे लग्न होते, हे मला आमच्या वंशावळीवरून ठाऊक आहे. धर्माचे कारण बहुधा मागाहून कोणीतरी जोडले असावे. पैशांच्या कारणापेक्षा ते सांगायला सोपे.

स्कॉटिश लॉजात आणखी एक वही असते. मेसन म्हणजे मुळात पाथरवट. जुने पाथरवट आपण घडवलेल्या दगडावर स्वतःची खूण कोरत, तशी खूण प्रत्येक सभासद निवडतो आणि ती तिथे नोंदवली जाते. खूण सरळ रेषांचीच असावी असा संकेत आहे. पणजोबांच्या नावासमोर पाच रेषा होत्या: एक उभी, तिच्या माथ्यावर दोन तिरप्या आणि पायथ्याशी दोन आडव्या. तिचा फोटो मी घरी आईला दाखवला. तिने चष्मा लावून तो नीट पाहिला आणि काही न बोलता स्वयंपाकघरातला पाण्याचा तांब्याचा हंडा पालथा केला. त्याच्या बुडाशी, आम्ही आजवर तांबटाची समजत आलो होतो ती, त्याच पाच रेषांची खूण होती.